मुलांनी मोजलेलं पाणी

ऑक्टोबर १८८२ मध्ये जोतीराव फुल्यांनी हंटर शिक्षण आयोगाला निवेदन सादर केलं. खेड्यातल्या प्राथमिक शाळेत काय शिकवावं, हे त्यात सांगितलेलं आहे. मोडी आणि बाळबोध लिहिणं-वाचणं, हिशेब, इतिहास-भूगोल-व्याकरणाची तोंडओळख, नीतीचे पाठ. आणि याच ओळीत शेतीचं प्राथमिक ज्ञान आणि आरोग्याचे नियम. पुढच्या वर्षी लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये शेतातली माती वाहून जाऊ नये म्हणून बांध घालावेत, तळी-तलाव करावेत, असा त्यांनी आग्रह धरला. माती, पाणी आणि शाळा यांचा विचार ते एकत्रच करत होते. आज ज्याला शाश्वत जीवनशैलीचं शिक्षण म्हणतात, त्याचा महाराष्ट्रातला आढावा इथून सुरू करावा लागतो. मुलाच्या घरी, शेतात, वस्तीत जे चालतं त्याचा वर्गातल्या फळ्याशी संबंध काय, हा प्रश्न तेव्हाही होता आणि आजही सुटलेला नाही.

कागदावर मात्र बरंच काही झालं आहे. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने नैसर्गिक पर्यावरणाचं रक्षण हे नागरिकाचं मूलभूत कर्तव्य ठरलं. वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९९१ रोजी आदेश दिला. चित्रपटगृहांनी पर्यावरणविषयक पाट्या मोफत दाखवाव्यात इथपासून शाळा-महाविद्यालयांत हा विषय सक्तीचा करावा इथपर्यंत त्यात सूचना होत्या. अंमलबजावणी रेंगाळली. २००३ मध्ये न्यायालयाला पुन्हा बजावावं लागलं, तेव्हा एनसीईआरटीने पहिली ते बारावीचा नमुना अभ्यासक्रम तयार केला. पदवीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला, मग तो वाणिज्यचा असो की संगीताचा, पर्यावरणाचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम बंधनकारक झाला. त्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने काढलेलं पाठ्यपुस्तक पुण्याच्या डॉ. एरक भरुचा यांनी लिहिलेलं आहे.

इतक्या मोठ्या देशात न्यायालयाच्या आदेशाने एक विषय प्रत्येक वर्गात पोहोचावा, ही साधी गोष्ट नव्हे. तो कसा पोहोचला, हे पाहिलं की मात्र चित्र बदलतं.

महाराष्ट्रात सुरुवात चांगली होते. बालभारतीचं तिसरीचं ‘परिसर अभ्यास’ जिल्हावार निघतं. गडचिरोलीच्या मुलाला गडचिरोलीच्या नद्या आणि पिकं भेटतात, सिंधुदुर्गच्या मुलीला तिच्या जिल्ह्यातली. आठ वर्षांच्या मुलाला स्वतःचं गाव ओळखीचं वाटावं म्हणून एवढा खटाटोप करणारं हे पुस्तक कौतुकास पात्र आहे. पुढच्या इयत्तांत जिल्हा मागे पडत जातो. नववीपासून जलसुरक्षा येते, अकरावी-बारावीला ‘पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा’ सक्तीचं असतं. पण त्याला श्रेणी मिळते, आणि श्रेणीच्या विषयाला दहावी-बारावीच्या वर्षात किती वेळ मिळतो हे घरोघरी ठाऊक आहे. तयार प्रकल्पवह्या दुकानात विकत मिळतात. ‘आपल्या परिसरातील जलस्रोतांचा अभ्यास’ या शीर्षकाखाली छापील मजकूर उतरवला जातो, आणि शाळेमागचा ओढा न पाहताच जलस्रोतांचा अभ्यास पूर्ण होतो.

एक गोष्ट कॅलेंडरचीही आहे. जागतिक पर्यावरण दिन ५ जूनला येतो. महाराष्ट्रातल्या शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, म्हणजे हा दिवस सुट्टीत पडतो. विदर्भात तर उन्हामुळे शाळा आणखी आठवडा-दोन आठवडे उशिरा भरतात. हा उशीर म्हणजे विदर्भातल्या मुलांसाठी हवामानाचा पहिला धडा आहे. नागपूरच्या शाळेची घंटा सांगलीच्या शाळेनंतर का वाजते, या एका प्रश्नावर सहावीचा वर्ग आठवडाभर चर्चा करू शकेल: अक्षांश, समुद्रापासूनचं अंतर, पत्र्याचं छप्पर, वर्गातला पंखा, दुपारी बंद पडणारी वीज. पाठ्यपुस्तक हे विचारत नाही. विचारायचं ते गुरुजींनी आणि बाईंनी.

हा विषय स्वतंत्र असावा की सगळ्या विषयांत मुरलेला असावा, हा वाद जगभर आहे. इटलीच्या शिक्षणमंत्र्यांनी २०१९ मध्ये हवामान बदलासाठी वर्षाला ३३ तास राखून ठेवण्याची घोषणा केली आणि ती बातमी सगळीकडे गाजली. प्रत्यक्षात तो विषय नागरिकशास्त्राच्या तासांत सामावला गेला. अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याने दुसरी वाट धरली. २०२० मध्ये अभ्यासक्रमाचे निकष बदलून २०२२ पासून विज्ञान, सामाजिक शास्त्रं, कला, अगदी शारीरिक शिक्षणातही हवामान बदलाचा धागा आणला. भारताचा कल मुरवण्याकडे राहिला आहे. त्यात धोका असा की जो विषय सगळ्यांचा, त्याची जबाबदारी कुणाच्याच अंगावर राहत नाही. वेळापत्रकात त्याला जागा नसते, तपासायला वही नसते, आणि पुस्तक हलकं करायची वेळ आली की पहिली कात्री त्यालाच लागते. कोविडनंतर एनसीईआरटीने अभ्यासक्रमाचा भार कमी केला, तेव्हा दहावीच्या विज्ञानातून ऊर्जास्रोतांचं आणि नैसर्गिक साधनसंपत्तीच्या शाश्वत व्यवस्थापनाचं अशी दोन प्रकरणं वगळली गेली. दहावीनंतर अनेक मुलं विज्ञान सोडतात. त्यांना हे पुन्हा कुठे भेटणार?

युनेस्कोने २०२१ मध्ये शंभर देशांचे अभ्यासक्रम तपासले. त्यातल्या जवळपास निम्म्यांत हवामान बदलाचा उल्लेखही नव्हता. त्याच सुमारास शिक्षकांची पाहणी झाली. हा विषय महत्त्वाचा आहे, असं म्हणणारे शिक्षक जवळपास सगळेच होते. आपल्या भागावर होणारे परिणाम नीट समजावून सांगता येतील, असं म्हणणारे सुमारे एक तृतीयांशच निघाले. ध्रुवावरचं बर्फ वितळतं हे सगळ्यांना सांगता येतं. आपल्या तालुक्यात ज्वारी जाऊन सोयाबीन का आलं, विहिरीचं पाणी कोणत्या महिन्यात तळाला जातं, हे सांगायला पुस्तक पुरत नाही.

महाराष्ट्र सरकारने २ ऑक्टोबर २०२० रोजी ‘माझी वसुंधरा’ अभियान सुरू केलं. भूमी, जल, वायू, अग्नी, आकाश या पंचतत्त्वांवर ते बेतलेलं आहे. पुढे २०२२ मध्ये युनिसेफच्या मदतीने पहिली ते आठवीसाठी ‘माझी वसुंधरा’ अभ्यासक्रम आला. मांडणी मराठी मनाला ओळखीची आहे, हे त्याचं बळ. त्याच वर्षी केंद्राने ‘मिशन लाइफ’ जाहीर केलं आणि व्यक्तीने करायच्या ७५ कृतींची यादी दिली. दिवा बंद करा, नळ बंद करा, कापडी पिशवी न्या. सवयींना कमी लेखायचं कारण नाही. घरात दिवा मालवणारं मूल वडीलधाऱ्यांनाही मालवायला लावतं. पण ही यादी सगळ्या वर्गांत सारख्याच आवाजात वाचली गेली, तर अन्याय होतो.

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कुटुंबातलं मूल घ्या. दिवाळीच्या आसपास ते आईवडिलांबरोबर कारखान्याच्या वाटेला लागतं आणि उन्हाळा तोंडावर आला की परततं. मधले महिने पाचटाच्या खोपटात जातात. साखरशाळा निघाल्या, गावी राहणाऱ्यांसाठी हंगामी वसतिगृहं निघाली, तरी शिक्षणात खंड पडतो तो पडतोच. या मुलाला ‘पाणी जपून वापरा’ शिकवायचं म्हणजे काय? हंडाभर पाण्यात घर कसं चालतं हे ते कुणालाही शिकवू शकेल. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं, तेव्हा मराठवाड्यातल्या मुलांना टंचाई समजावून सांगायची गरज नव्हती. त्यांना हवा होता वेगळा धडा: पाणी कुठे जातं, कोणत्या पिकाला किती लागतं, आणि हे ठरवतं कोण. भारतीयाचं सरासरी दरडोई कार्बन उत्सर्जन जगाच्या सरासरीच्या निम्म्याहूनही कमी आहे, आणि देशातल्या देशात हे अंतर त्याहून मोठं. वातानुकूलित वर्गातल्या मुलीला स्वतःच्या वापराचा हिशेब मांडायला शिकवावं. पत्र्याच्या शाळेतल्या मुलीला तिच्या वाट्याचा हिशेब मागायला शिकवावं. दोन्ही शाश्वततेचेच धडे आहेत.

पुण्यात अशा धड्याचं एक जुनं आणि ठोस उदाहरण आहे. कागद-काच-पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरा वेचणाऱ्यांची संघटना १९९३ मध्ये उभी राहिली. तिची मुळं एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षणाच्या कामात आहेत. पुढे त्यातूनच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली आणि शहरातली घरं ओल्या-सुक्याच्या बादल्यांशी जोडली गेली. वापरलेले सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा, म्हणजे वेचणाऱ्या बाईला उघडून पाहावं लागणार नाही, ही त्यांची मोहीम. कचऱ्याचा पाठ शाळेत शिकवताना हा लाल ठिपका सांगितला, तर मुलांना कचऱ्याच्या दुसऱ्या टोकाला उभं असलेलं माणूस दिसतं. आपली बादली ज्या हातांत जाते त्या हातांचा विचार आला, की वर्गीकरण आपोआप काळजीपूर्वक होतं. आणि वर्गात एखादी मुलगी त्याच हातांच्या घरातली असेल, तर त्या दिवशी तिच्या आईचं ज्ञान फळ्यावर येतं. गाडगेबाबांच्या खराट्याचा धडा वाचणाऱ्या राज्यात ही जोड अवघड नसावी.

मग हे शिक्षण खरोखर रुजलं कुठे? आढावा घेताना एक गोष्ट पुन्हापुन्हा दिसते. मुलांच्या हातून झालेलं मोजमाप किंवा काम कुणाला तरी खरोखर लागत होतं, तिथे ते रुजलं.

डहाणूजवळचं कोसबाड. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला १९४५ मध्ये सुरू केलेलं बालशिक्षणाचं काम पुढे इथल्या टेकडीवर आलं. वारली मुलं गुरं राखायला जात, शाळेत येत नसत. तेव्हा शाळाच कुरणात गेली आणि कुरणशाळा झाली. गुरं चरताहेत, मुलं झाडाखाली बसली आहेत, आणि बिया, पानं, खडे, शिंपले हीच शिकायची साधनं. महागड्या माँटेसरी साहित्याला हा पर्याय गरिबीतून आला. पण त्यातून मुलाचं रान आणि मुलाचा अभ्यास यांच्यातली भिंत पडली. रान ओळखणाऱ्या मुलाला शाळेत अडाणी ठरवलं गेलं नाही, ही त्यातली सर्वांत मोठी गोष्ट.

वर्ध्याला १९३७ च्या परिषदेत गांधीजींनी नयी तालीमची कल्पना मांडली: हस्तोद्योगातून शिक्षण. सेवाग्रामची मूळ शाळा कालांतराने बंद पडली; २००५ मध्ये तिथे आनंद निकेतन या नावाने शाळा पुन्हा सुरू झाली. शेती, स्वयंपाक, सूतकताई आणि सफाई हा तिथे अभ्यासाचाच भाग आहे. वाफ्यातल्या भाजीचं वजन, खर्च, उत्पन्न यांतून गणित येतं. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला, तो याच विचाराचा आधुनिक अवतार म्हणता येईल. मूलभूत तंत्रज्ञान हा त्यांनी घडवलेला विषय राज्य मंडळाने आठवी ते दहावीसाठी मान्य केला. आठवड्यातला एक दिवस मुलं हाताने काम करतात. वेल्डिंग, बांधकाम, माती परीक्षण, कोंबडीपालन, रक्तगट तपासणी. माती तपासायची ती गावातल्या शेतकऱ्याची, आणि निष्कर्ष त्याला द्यायचा. चूक झाली तर त्याचं खत वाया जाणार. एवढी जबाबदारी अंगावर असली की चौदा वर्षांचं मूल परीक्षानळी नीट धुतं.

दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने शाळांसाठी ‘ग्रीन स्कूल्स’ कार्यक्रम काढला, त्याचा गाभाही मोजणीच आहे. पाणी, ऊर्जा, हवा, जमीन, अन्न आणि कचरा या सहा बाबतींत मुलांनी स्वतःच्या शाळेचं ऑडिट करायचं. शाळेच्या फाटकाबाहेर किती गाड्या उभ्या राहतात, किती मुलं चालत येतात, उपाहारगृहात पाकिटबंद खाऊ किती आणि ताजं किती, शौचालयं मुलांच्या संख्येला पुरतात का. प्रश्न साधे आहेत. उत्तरं शाळेला अवघडून टाकणारी असू शकतात, आणि त्यातच त्यांचं मोल आहे.

गळका नळ घ्या. दोन मुलांनी त्याच्याखाली लिटरचं माप धरायचं आणि घड्याळ पाहायचं. माप दहा मिनिटांत भरलं, तर तासाला ६ लिटर, दिवसाला १४४ लिटर, वर्षाला ५२ हजार लिटरांहून अधिक. जलजीवन मिशनमध्ये ग्रामीण माणसासाठी दिवसाला ५५ लिटरचं उद्दिष्ट आहे. म्हणजे हा एक नळ अडीच माणसांचं पाणी गटारात सोडतो. आता छप्पर मोजा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. शंभर चौरस मीटर छप्पर आणि वर्षाला ६०० मिलिमीटर पाऊस, म्हणजे ६० हजार लिटर. थोडं वाया जाईल हे धरूनही टाकी भरायला पुरेसं. पाचवीच्या गुणाकाराने आणि सातवीच्या क्षेत्रफळाने एवढं सगळं निघतं. मग मुलांनी हा कागद मुख्याध्यापकांकडे न्यायचा, आणि मुख्याध्यापकांनी तो शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत ठेवायचा. नळाचा वॉशर बदलला गेला, तर मुलांना कळतं की आपल्या आकड्याने काहीतरी हललं. नळ तसाच गळत राहिला आणि भिंतीवर मात्र ‘जल है तो कल है’ रंगवलं, तर मुलं तोही धडा शिकतात, आणि तो फार खोल जातो.

केरळमध्ये झाडांच्या नोंदी ठेवणाऱ्या मुलांचं काम थेट विज्ञानापर्यंत पोहोचलं आहे. ‘सीझनवॉच’ उपक्रमात प्रत्येक मूल एक झाड निवडतं आणि दर आठवड्याला कोवळी पानं, कळ्या, फुलं, फळं यांची नोंद करतं. केरळच्या शाळांनी हे मोठ्या प्रमाणावर उचललं. तिथे विषूच्या सणाला, म्हणजे एप्रिलच्या मध्यावर, बहाव्याची पिवळी फुलं देवापुढे लागतात. मुलांच्या नोंदींत बहावा विषूच्या कितीतरी आधीच फुललेला दिसतो. अनेक शाळांत हवामान केंद्रंही उभी राहिली आहेत आणि पाऊस-तापमान मुलं स्वतः नोंदवतात. महाराष्ट्रात होळीचा पळस, आंब्याचा मोहोर, पावसाळ्याच्या तोंडावर येणारी शेवळं, मग टाकळा, कुर्डू, करटोली अशी रानभाज्यांची अख्खी दिनदर्शिका आजीच्या डोक्यात आहे. ती वहीत उतरवून घ्यायला दर शनिवारची दप्तराविना शाळा उत्तम वेळ आहे. शिवाय या नोंदीसाठी आजीला वर्गात बोलवावं लागतं, आणि अनेक गावांत ती पहिल्यांदाच शाळेची पायरी चढते.

आसाममध्ये गुवाहाटीजवळ पामोहीला २०१६ मध्ये सुरू झालेली अक्षर शाळा प्लास्टिकमुळे प्रसिद्ध झाली. आसपासच्या घरांत ऊबेसाठी प्लास्टिक जाळत आणि धूर वर्गात येई. शाळेने फी म्हणून प्लास्टिकच मागितलं: दर आठवड्याला प्रत्येकाने घरचे २५ नग आणायचे. जाळणं थांबलं, मुलं ते भरून विटांसारख्या वापरायच्या बाटल्या करू लागली, मोठी मुलं लहानांना शिकवून शाळेच्या चलनात कमावू लागली. लडाखमध्ये सोनम वांगचुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये स्थापलेल्या सेक्मॉल या शिक्षणसंस्थेचं आवार सूर्याकडे तोंड करून मातीत बांधलेलं आहे, आणि ते चालवण्याच्या कामात मुलांचा वाटा मोठा आहे. दोन्हीकडे अडचण स्थानिक होती म्हणून उपायही स्थानिक निघाला. ही उदाहरणं जशीच्या तशी उचलून सोलापूरला आणायची नसतात.

मुलांना असं शिकवल्याने फरक पडतो का, याचे थोडे पुरावेही आहेत. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनामध्ये १० ते १४ वर्षांच्या मुलांना हवामान बदल शिकवून त्यांच्या पालकांची मतं तपासली गेली. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात पालकांची काळजी वाढलेली दिसली, आणि मुलींचा प्रभाव अधिक होता. कॅलिफोर्नियातल्या एका विद्यापीठात वर्षभराचा सखोल अभ्यासक्रम केलेल्या विद्यार्थ्यांचं कार्बन उत्सर्जन पुढे वर्षाला सरासरी २.८६ टनांनी कमी झाल्याचा अंदाज निघाला. हा आकडा विद्यार्थ्यांनी स्वतः सांगितलेल्या माहितीवर आधारलेला, आणि तिथला मूळ वापरच अवाढव्य. तो भारताला लावता येत नाही. तरी दोन्ही अभ्यासांत एक साम्य आहे. शिकवणं स्थानिक आणि दीर्घकाळ चाललेलं होतं. एका दिवसाच्या फेरीतून असं काही होत नाही.

चर्चेची एक बाजू शाळांना सगळ्यांत जड जाते: वादाचे प्रश्न. ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबईच्या आरेमध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी रातोरात दोन हजारांहून अधिक झाडं तोडली गेली. कायद्याच्या विद्यार्थ्यांनी सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं आणि ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली. यावर वर्गात बोलायचं की नाही? मेट्रोही लोकांच्या सोयीची आहे, गाड्या कमी करणारी आहे, झाडंही हवीत. डहाणूच्या शाळेत जवळच होऊ घातलेल्या वाढवण बंदराचा विषय निघाला तर एकाचे वडील मच्छीमार असतील, दुसऱ्याच्या भावाला बंदरात नोकरीची आशा असेल. शिक्षक दबकतात, आणि त्यांचं दबकणं समजण्यासारखं आहे. बदली, तक्रार, पुढारी यांच्या सावलीत ते नोकरी करतात. पण हे प्रश्न टाळून शाश्वततेची चर्चा होऊच शकत नाही. शिक्षकाने बाजू घ्यावी असं नाही. नकाशा लावावा, दोन्ही बाजूंचे कागद वाचायला द्यावेत, मच्छीमारालाही बोलवावं आणि अभियंत्यालाही. नुकसान कुणाचं आणि फायदा कुणाचा, हे दोन रकाने मुलांनी स्वतः भरावेत.

यात मुलांच्या मनाचा भागही येतो. २०२१ मध्ये भारतासह दहा देशांतल्या १६ ते २५ वयाच्या दहा हजार तरुणांची पाहणी ‘लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ’मध्ये आली, त्यातले ५९ टक्के हवामान बदलाने अतिशय चिंतित होते. पृथ्वी बुडणार, जळणार असे फलक रंगवून घेऊन दहा वर्षांच्या मुलाच्या हाती काय लागतं? करता येण्याजोगं काम हाती दिलं, तर भीती थोडी तरी कामाला लागते. लहान वर्गांत आधी ओढ्याची, झाडाची, पाखरांची गोडी लागू द्यावी, आकडे नंतर यावेत.

आणि शिक्षक? एका जिल्हा परिषद शाळेत दोन शिक्षक, चार-पाच इयत्ता, निवडणुकीची कामं, सर्वेक्षणं, ऑनलाइन माहिती भरणं. हरित सेना या शालेय पर्यावरण मंडळासाठी शाळेला मिळणारं अनुदान वर्षाला काही हजारांचं. मुलांना ओढ्यावर न्यायचं तर जबाबदारी शिक्षकाची, आणि काही झालं तर दोषही त्याचाच. आणखी एक उपक्रम, आणखी एक फोटो अपलोड, असं करून हे ओझं हलकं होणार नाही. वर्षाला चार उपक्रमांऐवजी एकच काम वर्षभर चालू द्यावं आणि बाकीचे अहवाल माफ करावेत, इतकी सवलत शिक्षण खात्याने दिली तरी अनेक शाळांत वेगळं काही घडेल.

काम कोणतं, याचं उत्तर फार आधी दिलं गेलं आहे. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यासाठी ‘परिसर आणि अध्ययन’ या विषयावर नेमलेल्या गटाचे अध्यक्ष होते परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ. मुलांनी आपल्या परिसराच्या खऱ्या नोंदी कराव्यात आणि त्या सगळ्यांना खुल्या असाव्यात, असा त्या गटाचा आग्रह होता. वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांच्याबरोबर महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास करताना गाडगीळांनी गावकऱ्यांचं ज्ञान जवळून पाहिलं होतं. गोव्यात राजेंद्र केरकरांनी सत्तरी आणि आसपासच्या देवरायांच्या नोंदी अशाच चिकाटीने केल्या आहेत. जैवविविधता कायदा २००२ मध्ये झाला. त्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असायला हवी. वर्षानुवर्षं वह्या कोऱ्या राहिल्या. राष्ट्रीय हरित लवादाने जानेवारी २०२० ची मुदत घालून दंडाची तंबी दिली, तेव्हा धावपळ झाली. घाईत केलेल्या नोंदवह्यांत गावाचं खरं रान कितपत उतरलं असेल, अशी शंका घ्यायला जागा आहे.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारमध्ये पर्जन्यमापकावरचा पाऊस पाहून पाण्याचा ताळेबंद मांडला जातो आणि त्यावर पिकं ठरतात. ऊस, केळी आणि शेतीसाठी बोअरवेल यांना तिथे बंदी आहे. पोपटराव पवारांच्या नेतृत्वाखाली हे गाव नव्वदच्या दशकापासून हिशेबाने पाणी वापरतं. पावसाचा आकडा तिथे ग्रामसभेच्या निर्णयाला लागतो. शेजारच्या शेकडो गावांत नववीचा एकेक वर्ग आहे, त्याला जलसुरक्षेचा प्रकल्प करायचाच आहे, आणि ग्रामपंचायतीला नोंदी हव्याच आहेत. मुलांनी जून ते मे गावातल्या दहा विहिरींची पातळी, पाऊस, पिकं आणि पाखरांच्या नोंदी ठेवाव्यात, विज्ञानाच्या शिक्षकांनी तपासाव्यात, मुख्याध्यापकांनी शिक्का मारून त्या जैवविविधता समितीकडे द्याव्यात आणि समितीने पोच द्यावी. श्रेणी त्या पोचेवर मिळावी. यासाठी नवा कायदा लागत नाही, नवं पुस्तकही लागत नाही. शिक्षण आणि ग्रामविकास या दोन खात्यांनी मिळून एक परिपत्रक काढलं, तर येत्या जूनपासून सुरुवात होऊ शकते.